खंडेनवमीचा सिलिंडर

वाकोल्याच्या त्या चाळीत कुणाकडे काही नवीन आलं की आधी हाक जायची ती विमला राऊळला. सायकल येवो, शिलाई मशीन येवो, टीव्ही येवो, ओवाळायला विमलाच पाहिजे. टीव्हीला कुंकू नेमकं कुठे लावायचं, काचेवर की लाकडावर, हा प्रश्न चाळीत पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा तोही तिनेच सोडवला होता. "वस्तू झाली म्हणून काय, तिला कपाळ नसतं? कपाळ शोधा आणि लावा," असं म्हणून तिने मधोमध बोट टेकवलं होतं, आणि महिनाभर त्या घरात बातम्या सांगणाऱ्या बाईच्या नाकावर कुंकू दिसत होतं.

हसू नका. बाई होतीच तशी. निरांजनाची वात जरा वाकडी झालेली तिला चालायची नाही. दुसऱ्याच्या पूजेत नाक खुपसायची, चुका काढायची, वर सुनावायची, "उरकून टाकलेली पूजा देवाला पोचत नाही हो." तरी लोक बोलवायचे, कारण विमलाच्या हाताला यश आहे अशी चाळीची समजूत होती. तिचीही होतीच. तिची जरा जास्तच होती.

नवरा दशरथ मात्र अगदी उलट, बोलायचा कमी आणि ऐकायचा फार. जन्म गिरणीत गेलेला. संप झाला, तो काही मिटेना, तेव्हा बरेच दिवस घरी बसून शेवटी चंद्रप्रकाश नाईकांच्या सोड्याच्या कारखान्यात लागला. कारखाना कसला, चाळीच्या शेवटच्या खोलीला चिकटून काढलेल्या पत्र्याच्या दोन शेड. एकीत बाटल्या धुवायच्या, दुसरीत भरायच्या. पण यंत्र लहान असो की मोठं, त्याच्याशी थट्टा केलेली दशरथला खपायची नाही. माझ्या हाताखाली कुणाचं बोट गेलं नाही, एवढी एकच फुशारकी तो मारायचा, तीही कुणी विचारलं तरच.

कामाला लागला त्या आठवड्यात त्याने विमलाला सगळं दाखवलं होतं. गोटीची बाटली पाण्याने भरायची, वरून गॅस सोडायचा आणि बाटली उलटी करायची. गोटी घरंगळत गळ्यात येते आणि तिथेच बसते, कारण आतला गॅस तिला खालून दाबून धरतो. अंगठ्याने ढकला की फस्स. हा गॅस यायचा सिलिंडरमधून. माणसाच्या छातीएवढं उंच लोखंडी नळकांडं, चालू असेल तो भिंतीला साखळीने बांधलेला, आणि भरलेला नवा असेल त्याच्या डोक्यावर लोखंडी टोपी आवळलेली. टोपीच्या आत पितळेचा व्हॉल्व्ह. साखळी बांधल्याशिवाय टोपीला हात लावायचा नाही, हा दशरथचा नियम.

"कित्याक?" का म्हणून, असं विमलाने आपल्या मालवणीत विचारलं होतं.

दशरथने गणपतीच्या मखरासाठी तिने फुगवलेला एक फुगा घेतला आणि तोंड न बांधता सोडून दिला. फुगा फुर्र करत मखरावरून ट्यूबलाइटला, तिथून विमलाच्या अंबाड्यावर, आणि मग जमिनीवर चोथा होऊन पडला.

"वारो मागे गेलो, फुगो फुडे पळालो," दशरथ म्हणाला. "ढकलल्यान कोणी? भायर पडणाऱ्या वाऱ्यानच. सिलिंडराचा तसाच. मान मोडली तर तो बसान ऱ्हवाचो नाय."

"फुगो रबराचो," विमला म्हणाली. "लोखंड खंय उडता?"

लोखंड म्हणजे जिथे ठेवाल तिथे बसून राहणारी वस्तू, असा तिचा हिशेब. दशरथने अजून एकदा समजावलं आणि सोडून दिलं. तिला समजलं नाही असं नव्हे. समजलं होतं, पटलं नव्हतं. पुढे हीच गोष्ट तिला फार जाचली.

पंच्याऐंशी सालची खंडेनवमी. दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळपासून मशीन बंद ठेवून, धुऊनपुसून लखलखीत केलेलं. शेठ म्हणजे चंद्रप्रकाश नाईक घरच्यांना घेऊन दुपारी पूजेला यायचे होते. बाटल्या धुणारा सहदेव झेंडू आणि आंब्याचे टहाळे आणायला बाजारात गेला होता. शेडमध्ये दोघंच होती, दशरथ आणि विमला. तिने मशीनच्या चाकाला कुंकू लावलं, बाटल्यांच्या क्रेटला लावलं, पान्यांना आणि पकडींना लावलं, तराजूला लावलं. मग तिचं लक्ष कोपऱ्यात गेलं. आदल्या दिवशी आलेला नवा सिलिंडर तिथे उभा होता.

"आणि ह्याचा काय? ह्याच्याच जिवावर चालता ना दुकान?"

"तिथेच लाव कुंकू," दशरथ म्हणाला.

"देव जमनीर ठेवतत काय? पाटार घ्या त्याका."

"गो, तो पाटार ऱ्हवाचो नाय. खालची जमीन बघ कशी हा ती."

"चार माणसं यायच्या आधी सगळा नीट होऊक होया. अर्धवट पूजा मी करूचंय नाय."

दशरथने मान हलवली. पण हलवून काय उपयोग? त्याने सिलिंडर कलता करून काठावर फिरवत फिरवत आणला आणि पाटावर चढवला. पाट एका बाजूने डुगडुगत होता. त्याखाली त्याने पुठ्ठ्याची घडी सारली.

तबक घेऊन विमला पुढे आली आणि थबकली.

"टोपी घालून कोण पूजेक बसता? कपाळ खंय ह्याचा? काडा ती."

"नाय."

"काडा म्हणतंय ना."

"तुका एकदा सांगलंय. साखळी नसताना टोपी काडूची नाय."

विमलाने तबक खाली ठेवलं. "मगे करा तुमची तुमी पूजा. माका बोलवलास कशाक?" असं म्हणून ती दाराकडे तोंड करून उभी राहिली. नवरा-बायकोत अशा वेळी कोण जिंकतं हे संसार केलेल्यांना सांगायला नको. दशरथने तिच्या पाठीकडे पाहिलं, मग पान्याकडे. पान्यावर ताजं कुंकू होतं. तो उचलून त्याने टोपी सैल केली आणि काढून बाजूला ठेवली.

"कुंकू लावीपर्यंत. मगे लगेच घालतलंय," तो म्हणाला आणि नारळ फोडायला उंबऱ्यापाशी जाऊन वाकला.

विमलाने पितळी व्हॉल्व्हवर कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं. घरून आणलेला शेवंतीचा हार घातला. हार मागच्या बाजूने व्हॉल्व्हच्या चाकात अडकला आणि पुढून वाकडा लोंबू लागला. आता वाकडा हार विमला राऊळ कसा राहू देईल? तिने तो पुढून धरला आणि ओढला.

सिलिंडर डुलला. खालची पुठ्ठ्याची घडी सरकली. विमला मागे झाली, ओरडलीसुद्धा नाही, आणि सिलिंडर आडवा होताना त्याची मान मशीनच्या लोखंडी पायावर आपटली.

फटाका फुटावा तसा आवाज आला असता तर बरं, तो निदान संपतो. हा संपेचना. कानात दडे बसवणारा फुत्कार, पांढरं धुकं, हातापायांना चटका बसेल असा गारठा. दशरथने तिचा दंड धरून तिला दाराबाहेर फेकलं. मागे वळून तिने पाहिलं ते तिला जन्मभर पुरेल. आडवा सिलिंडर जमिनीवर वेड्यासारखा गरगर फिरला, क्रेट उधळले, काच उडाली. मग त्याचं बूड भिंतीकडे झालं आणि तो सरळ निघाला. मानेतून गॅस मागे जात होता आणि ते सगळं ओझं पुढे पळत होतं. भिंत अर्ध्या विटेची. तो तिच्यातून आरपार गेला.

भिंतीपलीकडे सगुणा राहत होती.

सगुणा खारदांड्याची कोळीण. सासूशी पटेना म्हणून नवऱ्याला घेऊन वाकोल्यात वेगळी राहिलेली. नवरा रामचंद्र बोटीवर, चार-चार दिवस समुद्रात. ही डोक्यावर टोपली घेऊन दारोदार मासळी विकायची, आणि अशी चालायची की मागे येणाऱ्याला धावावं लागायचं. नवरात्रात कोण मासे खातं? म्हणून त्या दिवशी ती घरीच होती, सुक्या बोंबलांची निवड करत बसलेली. सिलिंडर तिच्या अंगावर आला नाही. मोरीच्या कठड्याला धडकून तिथे फुसफुसत पडला. पण भिंतीच्या विटा तिच्या पायावर आल्या. नडगीचं हाड मोडलं.

शेठ आले तेव्हा ते रेशमी झब्ब्यात होते आणि हातात पेढ्यांचा पुडा होता. सगुणाला दवाखान्यात नेलेलं होतं. चाळ सगळी गोळा झालेली. शेठनी भोकाकडे पाहिलं, जमिनीवरच्या टोपीकडे पाहिलं आणि विचारलं, "टोपी कुणी काढली?"

"मी," दशरथ म्हणाला.

विमला त्याच्या शेजारीच उभी होती. तिने तोंड उघडलं. आत्ता बोलते, लोक जरा गप्प झाले की बोलते, असं तिने मनाशी ठरवलं. लोक गप्प झाले. शेठही गप्प झाले. विमला बोलली नाही.

"गिरणीतला माणूस तू, दशरथ," शेठ म्हणाले. "तुला काय सांगायचं आता?"

दशरथने मान खाली घातली. त्याची एकुलती एक फुशारकी तिथे सगळ्यांसमोर मातीत गेली, आणि ती घालवणारी बाई हातात तबक घेऊन उभी होती. निरांजन विझलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दसरा होता म्हणून झाला. घरोघरी सोनं वाटलं गेलं, पण दशरथच्या हातावर आपट्याचं पान ठेवताना लोक दोन शब्द चिकटवत होते. काय रे दशरथ, टोपी कशाला काढलीस? अक्कल कुठे गेली होती? तो म्हणायचा, चुकलं माझं. घरात तो विमलाला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता, चार शिव्या दिल्या असत्या, तर तिला बरं वाटलं असतं. भाकरी वाढली की खायचा, हात धुवायचा, दारात बसायचा. कारखाना बंद होता. उघडेल तेव्हा त्याला बोलावतील की नाही, हेही कळत नव्हतं.

आणि मग नळावरची ती सकाळ. विमला आपली रोज स्वतःला सांगत होती, सांगायचं आहे, सांगू, सगुणा घरी येऊ दे. नळावर बायकांची रांग. कुणीतरी म्हणालं, "वहिनी, तुम्ही होतात ना तिथे? तुम्ही तरी सांगायचं त्यांना, टोपी काढू नका म्हणून."

इथे गप्प राहिली असती तरी चाललं असतं. पण नाही. विमलाच्या तोंडून निघालं, "सांगून ऐकतात काय पुरुष?"

बायकांनी माना डोलावल्या. खरं आहे गं बाई, कुणाचं ऐकतात ते. विमलाने हंडा उचलायला मागे पाहिलं तर दशरथ उभा. पाण्याचा दुसरा हंडा न्यायला आला होता. त्याने सगळं ऐकलं होतं. "दे," एवढं म्हणाला, हंडा खांद्यावर घेतला आणि चालू लागला. विमलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धरणी दुभंगून पोटात घे म्हणतात, पण वाकोल्यातली धरणी सिमेंटची, ती कशाला दुभंगते?

पायाला प्लास्टर घालून सगुणा घरी आली. भिंतीच्या भोकावर गोणपाट लावलेलं. रामचंद्र बोटीवर परत गेला होता, जाणं भागच होतं. विमला दोन्ही वेळचं जेवण तिच्याकडे न्यायला लागली. मटकीची उसळ, सोलकढी, गरम भाकऱ्या. सगुणा जेवायची आणि जेवता जेवता आपल्या कोळी बोलीत दशरथला शिव्या घालायची; तिच्या बोलीत 'ड'चा 'र' आणि 'ळ'चा 'ल' व्हायचा.

"मेल्याचं हात झरो. टोपी कारतंय मेला. त्याना काय भूक लागली होती का त्या टोपीची?" आणि मग विमलाकडे रोखून बघत, "नाय गं विमल? खुला हाय ना तुजा दादला?"

विमला म्हणायची, "आणखी एक भाकरी घे."

"घेतंय. पन सांग ना. खुला हाय का नाय?"

"चुकी झाली गं," विमला म्हणायची. कुणाची ते म्हणायची नाही. ताटं आवरायची आणि घरी येऊन मोरीत बसून भांडी घासत राहायची, घासलेलीच परत घासायची. आपण चांगल्या बाई नाही आहोत हे तिला त्या दिवसांत पहिल्यांदा कळलं. पूजा नीट करणं आणि चांगलं असणं ह्या दोन गोष्टी वेगळ्या असतात असं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

रविवारी शेठनी चाळीच्या अंगणात सगळ्यांना बोलावलं. सगुणाला खुर्चीत बसवून आणलं, पाय स्टुलावर. शेठ म्हणाले, भिंत मी बांधून देतो, सगुणाच्या औषधपाण्याचं मी बघतो. पण दशरथला आता ठेवता यायचं नाही. उद्या कुणाचा जीव गेला तर कोण जबाबदार?

दशरथ म्हणाला, "बरोबर आहे, शेठ."

तेव्हा विमला उठली. पदर दोन्ही हातांनी धरला होता तिने.

"त्यांची चूक नाही. ते नको म्हणत होते. सिलिंडर पाटावर मी घ्यायला लावला. टोपी मी काढायला लावली. हार वाकडा होता म्हणून मी ओढला, त्याने तो पडला. सगळं मी केलं."

विमलाने डोळे मिटून घेतले. आता काय व्हायचं ते होऊ दे. बायका तोंडावर थुंकतील, सगुणा केस धरील. होऊ दे.

पण झालं भलतंच. शेठ हसले, अगदी मायेने हसले.

"वहिनी, बसा. ती टोपी पान्याशिवाय निघत नाही. आणि दशरथ राऊळ, गिरणीत एवढी वर्षं काढलेला माणूस, बायको म्हणाली म्हणून टोपी काढील?"

पुरुष मंडळी हसली. एक म्हातारी डोळ्याला पदर लावून म्हणाली, "नवऱ्यासाठी बाईमाणूस काय नाय करत?"

"खरंच सांगते मी," विमला म्हणाली. "अहो, सांगा ना तुम्ही."

सगळे दशरथकडे बघायला लागले. दशरथने विमलाकडे पाहिलं, मग त्या हसणाऱ्या पुरुषांकडे. मग जमिनीकडे बघत म्हणाला, "ती माझ्यासाठी बोलते, शेठ."

झालं. विमलाच्या खरेपणाचं तिथल्या तिथे खोटं झालं, आणि त्या खोट्याचा जयजयकार. शेठ उठून पुढे आले. अशी लक्ष्मी घरात आहे म्हणून सोडतो तुला, दशरथ, ते म्हणाले. उद्यापासून ये कामावर, पण नीट. बायका विमलाच्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. विमला मधोमध उभी होती आणि प्रत्येक हात तिला भाजत होता. सगुणाने मात्र फक्त खुर्ची उचलायला सांगितलं.

घरी आल्यावर विमला दशरथवर उसळली. "खरा कित्याक सांगलास नाय?"

"काय सांगू?" दशरथ म्हणाला. त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा त्याचा आवाज चढला. "बायकोन सांगल्यान आणि मी टोपी काडलंय, ह्या चार माणसांत सांगू? त्यापरीस चुकी माझी बरी." मग तो म्हणाला, "नळावर तू जां बोललंस, तां तरी लोकांका पटण्यासारखा होता."

विमला खाली बसली. म्हणजे तो तिला वाचवत होता असं जे तिला वाटत होतं, तेही पुरतं खरं नव्हतं. आणि नळावरचं बोलणं तो विसरलेलाही नव्हता. दोघंही आपापली अब्रू सांभाळत बसली होती, आणि पाय मोडला होता तिसरीचाच.

ती उठली आणि सगुणाकडे गेली. हातात ताट नव्हतं.

सगुणा भिंतीला टेकून बसली होती. विमला तिच्यासमोर बसली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली. पाट, टोपी, हार. फुग्याचंही सांगितलं, की मला माहीत होतं गं, दशरथने दाखवलं होतं, मला पटलं नव्हतं. रडू येत होतं ते तिने येऊ दिलं नाही, कारण रडली तर सगुणा समजूत काढील, आणि समजूत तिला नको होती.

सगुणाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मना म्हाईत हाय."

"काय माहीत आहे?" विमलाने विचारलं.

"रोज तुमचा मशीन खरखर करतंय, मना काय आयकू येत नाय. त्या दिशी मशीन बंद. ही भिंत केवरी? तू बोललंस, कपाल कुठं हाय त्याचा, कार टोपी. त्यो नाय नाय बोलला. मी हसत होती बोंबील निवरताना. म्हनलं, विमल आज सिलिंडराचा लगीन लावतंय."

"मग तू..." विमला म्हणाली. "मग एवढे दिवस त्यांना शिव्या देत होतीस ती?"

"तुज्याच तोंडावर देत होती ना? म्हनलं आता बोलंल. ह्या भाकरीला बोलंल, त्या भाकरीला बोलंल. तू आपली वारत गेलीस." सगुणाने नाक उडवलं. "लय भाकरी खाल्ल्या मी तुज्या."

विमलाने तोंड दोन्ही हातांत लपवलं. शेठची माया, बायकांचे हात, सगळं सहन झालं होतं तिला. हे झालं नाही. ती ताट पुढे सारत होती तेव्हा ही सगळं जाणून तिच्याकडे बघत होती. प्रत्येक वेळी वाट बघत होती.

"सभेत का नाही बोललीस?" तिने हातांमागून विचारलं.

"बोलून मना काय मिललं असतं? पाय जुरला असता का?" सगुणा म्हणाली. "नवरात्र सरलं. लोकांचं तोंड सुटलंय मासल्याला. माजी गिऱ्हाइकं दुसरीकरं गेली तं परत येनार नायत. रामचंद्र आनतंय ती मासली कोन इकनार? म्हनून सांगतंय. पाय तू मोरलास ना? मंग चाल पन तूच."

विमलाने वर पाहिलं. कोपऱ्यात टोपली पालथी घातलेली होती.

"भाकरी नको आनूस आता," सगुणा म्हणाली. "आनि कुनी इचारलं, तू कशाला इकतंस, तं खरं ते सांग. परत्येक दारात सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी दशरथ कामावर गेला, आणि विमला डोक्यावर चुंबळ ठेवून, त्यावर रामचंद्रने पहाटे आणलेल्या मासळीने भरलेली सगुणाची टोपली घेऊन चाळीत शिरली. टोपलीचं पाणी कानामागून गळत होतं. मान सरळ धरायची तिला सवय नव्हती. नळावरच्या बायका बघत राहिल्या. पहिलंच दार उघडलं ते काल डोळ्याला पदर लावणाऱ्या म्हातारीच्या सुनेने, अनुपमाने.

"अगंबाई, वहिनी तुम्ही? सगुणासाठी? किती हो मोठं मन तुमचं."

"मन मोठं नाही," विमला म्हणाली. "तिचा पाय मी मोडला. टोपी मी काढायला लावली होती."

अनुपमा तिच्याकडे बघून हसली. अशी हसली की जणू देवीच दारात उभी आहे. "पुरे हो वहिनी, नवऱ्यासाठी बोलता ते सगळ्यांना माहीत आहे," ती म्हणाली. मग टोपलीवरचं फडकं उचलून तिने आत पाहिलं. "बोंबील ताजे आहेत ना?"

विमलाने टोपली खाली उतरवली. पुढची दारं मोजायला तिने मान वर केली नाही. "ताजे आहेत," ती म्हणाली, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.